देवमनभाऊंची रिंग

“चावी काढ! काढ म्हनलं ना बे! माही मशीन, माही चावी, माह्या हातात दे!”

मालक प्रल्हादबापूंचा आवाज हाच आमच्या वर्कशॉपचा भोंगा. वेगळा भोंगा बसवायची वेळ कधी आलीच नाही. चिखलीच्या एमआयडीसीत बापू ओरडले की मेहकर फाट्यावरच्या चहावाल्याचं दूध आपोआप उतू जायचं, आणि शेजारच्या डाळ मिलमधले हमाल जेवणाची सुट्टी झाली समजून पोती खाली टाकायचे. त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे हमालांनी निदान दोन तास आधीच जेवण उरकलं असणार.

“चाळीस पिना खराब! चाळीस! आन वरून मलेच सांगते का आकडा बदलवत नाई म्हून! नवमीले पूजेच्या ताटाले हात लावला नाई तुनं, म्हून कोपली मशीन!”

समोरच्या ट्रेमध्ये पोलादाच्या चाळीस पिना ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल रंगाचा ठिपका होता. लाल म्हणजे नापास. ते ठिपके मी लावलेले होते. त्या वर्कशॉपात तयार माल मोजून पास-नापास करणारा साहेब मी होतो.

मशीनच्या दारावर पंजा टेकून देवमनभाऊ उभे होते. देवमन तायडे, आमचे सीएनसी ऑपरेटर. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण जे काही बोलले ते बापूंच्या आवाजाखाली चिरडलं गेलं. मग त्यांनी गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. दोऱ्यात दोन वस्तू होत्या: एक छोटी चावी आणि एक पोलादी रिंग. रिंग त्यांनी तशीच ठेवली. चावी सोडवली आणि बापूंच्या हातात देण्याआधी कापडाने पुसली. तेलकट होती म्हणून!

आता सांगा, असल्या माणसावर धड रागवावं तरी कसं? आणि रागावल्याशिवाय राहावं तरी कसं? चार वर्षं मी या माणसाबरोबर काढली. माझ्या डोक्यावरचे केस त्या चार वर्षांत गेले, आणि माझ्या घराण्यात टक्कल कुणालाच नाही.

देवमनभाऊ उंद्रीचे. रोज सकाळी जुन्या मोटरसायकलवर चिखलीला यायचे. ती मोटरसायकल इतकी जुनी होती की तिला बघून रस्त्यातले टोणगे ओळखीच्या नजरेने मान हलवायचे. माणूस पन्नाशीला टेकलेला, अंगाने वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. खिशात पेन नाही, मोबाईल पिशवीत, आणि नजर कायम कुठल्यातरी गोल वस्तूवर. बापू आपल्या ऐटीत गिऱ्हाइकाने पाठवलेला नकाशा मोबाईलवर पाठवायचे. देवमनभाऊ बाजारपेठेत जाऊन तो कागदावर छापून आणायचे, तोवर कामाला हात लावायचे नाहीत.

“मोबाईलवर पाह्यला का मंग बोटानं चित्र मोठं होते,” ते म्हणायचे. “चित्र मोठं झालं का मानसाले वाटते आपल्याले समजलं.”

बरं, कागद आला म्हणजे काम सुरू झालं, असं समजू नका. सकाळी बापूंचा भोंगा व्हायच्या आधीच ते येऊन मशीन चालू करायचे आणि वीस मिनिटं नुसती रिकामी फिरवायचे. आत लोखंड नाही, हत्यार कुठे लागत नाही, लोखंड पकडणारा चक आपला गरगर फिरतोय आणि हे समोर हाताची घडी घालून उभे. गिऱ्हाईक येऊन बसलंय, बापू येरझाऱ्या घालतायत, मी घड्याळाकडे बघून दात खातोय आणि हा मनुष्य रिकामी मशीन बघतोय!

“इजेचं बिल तुहा बाप भरते का बे?” बापू एकदा गरजले.

“बैलाले गोठ्यातून काढल्या काढल्या औताले जुंपता का बापू? आंग मोकळं होऊ द्या तिचं.”

“बैल इजेवर चालते का?”

“नाई चालत. पन थंडा बैल बी तास वाकडाच काढते.”

बापू मूळचे जानेफळचे. घरी मोठी शेती, दावणीला चांगल्या जोड्या असलेल्या घरात वाढलेले. बैलाचा दाखला दिला की त्यांना पुढे बोलताच यायचं नाही. देवमनभाऊंना हे पक्कं ठाऊक होतं. सरळ दिसणारा माणूस आतून किती चालू असतो, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

वीस मिनिटं संपली की दुसरा छळ सुरू. तो म्हणजे हवेत काम. सीएनसी मशीनला आकड्यांत हुकूम लिहून द्यायचे असतात: इतकं पुढे ये, इतकं काप, मागे जा. देवमनभाऊ ते सगळे हुकूम आधी हवेत चालवायचे. हत्यार लोखंडापासून वीतभर लांब ठेवून पहिली पिन हवेतच कापायची. काम नवं असो की शंभरदा केलेलं, हवेत एकदा झालंच पाहिजे. चहा पिऊन परत आले तरी पुन्हा हवेत. मी हिशेब केला होता, चार वर्षांत या माणसाने हवेतल्या इतक्या पिना कापल्या की त्या जोडल्या असत्या तर चिखलीहून खामगावला रेल्वेचे रूळ टाकता आले असते.

“भाऊ, कालचंच काम आहे, कालचेच आकडे आहेत!” मी एकदा चिडून म्हणालो.

“हाव साहेब. पन कालचा मी नाई ना.” असं म्हणून हिरव्या बटणावर अंगठा ठेवायचे आणि पुढे आपलं ते ठरलेलं वाक्य टाकायचे. “मशीन लय आज्ञाधारक हाय. तिले म्हनलं हिरीत उडी मार, तं ती काऊन म्हून इचारत नाई. इचारनं आपलं काम हाय.”

हे वाक्य ऐकून ऐकून मला झोपेत ऐकू यायला लागलं होतं. पण एकदा ते भाचीच्या लग्नाला दोन दिवस सुट्टीवर गेले आणि बापूंनी ठरवलं, मशीन आपणच चालवायची. “त्याच्यात का हाय बे, बटन दाबाचं!” मशीन गरम केली नाही, हवेत चालवली नाही. आकडे टाकताना वीस लिहिलं आणि पुढचं टिंब विसरले. आपल्याला वीस म्हणजे वीसच. पण त्या मशीनला टिंब नसलेलं वीस म्हणजे केसापेक्षाही बारीक. तिने विचारलं नाही. हत्यार घेऊन ती सरळ आत घुसली आणि फिरत्या चकवर जाऊन आदळली.

तो आवाज! मी तेव्हा बाहेर होतो. मला वाटलं ट्रक गेटमधून आत आला. पलीकडच्या डेअरीतल्या म्हशी दोन दिवस पान्हावल्या नाहीत, अशी त्या डेअरीवाल्याने तक्रार केली, आणि ती मी अजून खरी मानतो. बापूंच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता आणि, याची नोंद घ्या, ते अख्खं एक मिनिट ओरडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी देवमनभाऊ आले. मशीनचं दार उघडलं, आत हात घालून आजाऱ्याची नाडी बघावी तसं चाचपलं. सगळे वाट बघत होतो, आता काहीतरी बोलणार. ते म्हणाले, “मशीन चुकली नाई बापू. सांगतलं तेच केलं तिनं.”

आणि खडूने मशीनच्या दारावर बोराएवढं एक गोल टिंब काढून ठेवलं. शब्द नाही, चिठ्ठी नाही, नुसतं टिंब. बापू येता-जाता ते टिंब बघायचे आणि त्यांच्या कानशिलाची शीर टणकन उभी राहायची. पुसायची हिंमत मात्र कोणाची झाली नाही.

गोलाईचं तर वेडच. कुठेही गेले की वस्तू बोटांत धरून फिरवायचे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मी त्यांना जेवायला नेलं, ही माझी चूक. पंगतीत बसल्यावर त्यांनी पाण्याचा स्टीलचा पेला तीनदा फिरवला आणि समोरच्या व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गोल नाई हा.” तो पेला व्याह्यांनी आहेरात दिलेल्या सेटमधला होता. माझी बायको अजून मला त्यावरून बोलते. त्यांच्या घरी पंचफुलावहिनी भाकरी वाढायच्या तेव्हा ताट समोर येताच वहिनींचं ठरलेलं असायचं: “जेवाले बसले का मोजाले बसले?” भाऊ मान खाली घालून म्हणायचे, “एका अंगानं जाड हाय थोडी.” वहिनी म्हणायच्या, “तं हवेत जेवा आधी.” त्या घरात भाऊंना तोडीस तोड मिळालं होतं याचा मला फार आनंद व्हायचा.

आता चावी. त्या मशीनला एक कुलूप असतं. चावी फिरवली तरच आतले आकडे बदलता येतात. चावी नसेल तर ऑपरेटरच्या हाती उरतं फक्त हिरवं बटण. देवमनभाऊंनी तरुणपणी चाकणकडे एका मोठ्या कारखान्यात नऊ वर्षं काढली होती. तिथे चावी साहेबांच्या खिशात. पिन वाकडी येताना दिसली तरी साहेबाला बोलवा, साहेब येईपर्यंत वाकडीच काढा.

“नऊ वरीस हिरवं बटन दाबलं साहेब,” ते मला एकदा डबा खाताना म्हणाले होते. “मले सारं दिसे, आन हात लावता येत नसे. अंगठा झिजला, डोकं गंजलं.”

मग बापूंनी चिखलीत नवी मशीन टाकली आणि माणूस शोधू लागले. देवमनभाऊ कमी पगारावर परत आले ते एकाच अटीवर: चावी माझ्याकडे राहील. बापूंनी हसत हसत दिली. त्यांना वाटलं, याने फुकटात मागितलं. ती चावी भाऊंनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि तिच्या शेजारी ती रिंग. रिंग म्हणजे त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या जुन्या बेअरिंगची आतली कडी. बरोब्बर वीस मिलिमीटरची. काम करताना पिन झाली की ती त्या कडीत सरकवून बघायचे. लाखमोलाची मापं जवळ असताना हे गावठी प्रकरण कशाला, म्हणून मी त्यांना किती टोचलं असेल!

तर त्या ऑक्टोबरात संभाजीनगरच्या एका कारखान्याने नमुन्यादाखल दोनशे पिना मागवल्या. वीस मिलिमीटरच्या भोकात ती पिन हाताने सरकली पाहिजे, पण बसल्यावर हलता कामा नये. पास झाल्या तर वर्षभराचं काम बापूंच्या पदरात. बापूंनी पंधरा दिवस सगळ्यांचा जीव खाल्ला. आणि मधेच आला दसरा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. ज्याने त्याने आपापल्या हत्याराची करायची. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा हँडल, पाने, सगळं धुऊनपुसून झेंडूत बुडालेलं. देवमनभाऊंच्या घरी बुद्धवंदना होते, पूजेच्या ताटाला ते हात लावत नसत. पण त्या दिवशी मशीन सगळ्यांच्या आधी येऊन तेच पुसायचे, अगदी खालचा तेलाचा ट्रेसुद्धा. बापूंच्या घरच्या वहिनी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन मशीनपाशी आल्या तेव्हा भाऊ बाजूला सरले आणि हात जोडून म्हणाले, “दारावर लावा वहिनी, कितीबी लावा. आत नका लावू. आत शतांशाचं काम हाय.”

शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. डोक्याचा एक केस घेतला तर त्यात असे सहा-सात बसतात. मी तिथेच उभा होतो. मला हसू आलं. मनात म्हटलं, बोटभर कुंकवाने यांची मशीन मरते! आणि मी माझ्या टेबलाकडे वळून माझ्या हत्याराची, म्हणजे मायक्रोमीटरची, साग्रसंगीत पूजा केली. मायक्रोमीटर दिसायला घोड्याच्या नालेसारखा. दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि जाडी वाचायची. देवाला गंध लावायचं ते कपाळाला. मायक्रोमीटरचं कपाळ कोणतं, याचा मी बराच विचार केला आणि ओलं हळदी-कुंकू नेमकं जबड्याच्या आत लावलं. वर अक्षता. वर झेंडू. भक्तीत आपण कुठे कमी पडलो नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी काम सुरू. मी फुलं काढली, मायक्रोमीटर खिशातल्या रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला. रोज सकाळी जबडे मिटवून काटा शून्यावर येतो का ते बघायचं असतं. मापाचं कामच तिथून सुरू होतं. त्या दिवशी मी ते बघितलं नाही. घाई होती म्हणा, किंवा परवाच देव बसलेल्या वस्तूची परीक्षा कशाला म्हणा.

पहिली पिन आली. मोजली. दोन शतांश जाड. दुसरी, दोन शतांश जाड. अकरापर्यंत चाळीस पिना आल्या आणि चाळीसही दोन शतांश जाड. मी दर पाचला भाऊंना सांगत होतो, आकडा दोन शतांशाने कमी करा. ते दर पाचला पिन उचलायचे, गळ्यातल्या रिंगेत सरकवायचे, लोण्यातून सुरी जावी तशी ती आत जायची, आणि ते मान हलवायचे. “बराबर हाय साहेब.”

“भाऊ, मायक्रोमीटर खोटा बोलतो का?”

“रिंग बी खोटं नाई बोलत.”

“विहिरीच्या मोटारीची कडी हो ती!”

“तिच्यातून वीस वरीस पानी आलं साहेब.”

माझं डोकं भणभणलं. मी लाल ठिपके लावले आणि बापूंना हाक मारली. पुढचा आरडाओरडा तुम्ही सुरुवातीला ऐकलाच आहे.

चावी हातात आल्यावर बापूंनी स्वतः कुलूप फिरवलं, स्वतः आकडा दोन शतांशाने खाली आणला (टिंबासकट, हे कबूल केलं पाहिजे), चावी वरच्या खिशात टाकली आणि बटणाकडे बोट दाखवून म्हणाले, “आता दाब. नुसतं दाबाचं.”

देवमनभाऊंनी दाबलं. मी पिन मोजली. बरोब्बर! हिरवा ठिपका. बापूंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की ती आजही थंडीत ठणकते.

मग सुरू झाली ती दुपार. एकशे साठ पिना. हिरवं बटण, पिन, हिरवं बटण, पिन. प्रत्येक पिन बाहेर आली की देवमनभाऊ ती घेऊन रिंगेत घालायचे आणि हलवायचे. खळ. दुसरी. खळ. तिसरी. खळ. चांगली पिन त्या रिंगेत गप्प बसते. या बसत नव्हत्या. भरल्या वर्कशॉपात, लेथच्या घरघरीतही, दर दोन मिनिटांनी ती खळ ऐकू यायची. माझ्या दातांत जायची. वेल्डिंगवाला टोपी काढून बघायचा. शेवटी बापू आतून ओरडले, “बंद कर बे ते घंटी! देवळात बसला का?”

देवमनभाऊंनी बटण दाबलं. पिन आली. खळ.

लाल ठिपक्यांच्या चाळीस पिना पुन्हा चढवून घासत कोण बसणार, म्हणून मी त्या भंगाराच्या डब्यात टाकून दिल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत बघतो तर भाऊ त्या एकेक वेचून, तेलाचा बोळा फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळतायत.

“आता याचं काय?” मी वैतागून विचारलं.

“गंजतीन.”

“भंगार आहे ते!”

“भंगारानं बी गंजू नये साहेब,” ते म्हणाले आणि पुडकं मशीनखाली सरकवलं.

चौथ्या दिवशी संभाजीनगरहून तपासायला एक बाई आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, स्वतःचा मायक्रोमीटर मखमली डबीत घेऊन. बापूंनी पेढे, पाणी, पंखा, सगळं त्यांच्या दिशेने वळवलं. बाईंनी आधी काय केलं असेल? डबी उघडली, जबडे मिटवले, शून्य बघितलं. मग त्यांनी हिरव्या ठिपक्याची पहिली पिन मोजली आणि बाजूला ठेवली. दुसरी बाजूला. दहावीला त्या थांबल्या.

“सगळ्या दोन शतांश बारीक आहेत.”

बापूंचा चेहरा पिठल्यासारखा ओघळला. जाड पिन अजून कापता येते. बारीक झालेलीला पोलाद चिकटवता येत नाही. एकशे साठच्या एकशे साठ भंगार.

“हे कशाने मोजलंत?” बाईंनी विचारलं.

मी माझा मायक्रोमीटर पुढे केला. त्यांनी तो मिटवला. काटा शून्यावर आला नाही. दोन घरं अलीकडेच अडला. त्यांनी उघडून उजेडात धरला, जबड्यावरून नख फिरवलं, नखाकडे बघितलं.

“हे लाल काय आहे?”

मी खिशात रुमाल शोधू लागलो.

त्यांनी नख नाकाशी नेलं. “कुंकू आहे का हे?”

हळद, कुंकू आणि तेल. इतके दिवस वाळून त्याचा असा लेप झाला होता की त्यावर मजला चढवला असता. माझा देव दर पिनेला दोन शतांश खोटं बोलत होता.

एवढ्यात देवमनभाऊ मशीनखालून पुडकं घेऊन आले आणि बाईंपुढे उघडून ठेवलं. चाळीस पिना, चाळीस लाल ठिपके, गंजाचा डाग नाही. बाईंनी दहा मोजल्या. मग उरलेल्या तीसही मोजल्या. मग विचारलं, “या कोणी केल्या?”

बापूंनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे बघितलं. भाऊ आपल्या रिंगेवरचं तेल पुसत होते. त्या काळ्या बोटांवरूनच बाईंना कळलं असावं.

“या चाळीस पास,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या आठ दिवसांत द्या. आणि ज्यांनी या केल्या त्यांच्याकडूनच करून घ्या.”

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चाळीस पिनांवरून बापू ओरडत होते आणि भाऊंचे ओठ हलत होते, तेव्हा त्यांचं बोलणं चिरडलं गेलं असं मी लिहिलं. बापूंच्या कानी ते पडलं नसेल. मी मात्र भाऊंच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. मला ऐकू आलं होतं. ते म्हणत होते, “साहेब, शून्य पाहा एकदा.” मला राग आला. डिप्लोमा मी केलाय आणि शून्य मला हे शिकवणार! मी तोंड फिरवलं.

पुढे दिवाळीनंतर मला मलकापुरात दुसरी नोकरी लागली. देवमनभाऊ अजून तिथेच आहेत असं ऐकतो. रोज हवेत एक पिन कापतात. इकडे मी रोज सकाळी शून्य बघितल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. बायको म्हणते, वेड लागलंय. पण त्यांची आठवण आली की डोळ्यांपुढे येते ती बाईंची गाडी गेटबाहेर पडल्यानंतरची ती चार वाजताची वेळ.

सगळे जागच्या जागी उभे होते. बापू मशीनपाशी आले. वरच्या खिशातून चावी काढली आणि हात पुढे केला. तोंडातून आवाज नाही. डाळ मिलमधले हमालसुद्धा काय झालं म्हणून भिंतीवरून डोकावले. देवमनभाऊंनी लगेच घेतली नाही. आधी हात पुसले, तळवे, मग बोटं एकेक. मग चावी उचलली, कुलूप फिरवून बापूंचा आकडा काढून टाकला, चावी दोऱ्यात रिंगेशेजारी ओवली, दोन गाठी मारल्या आणि दोरा सदऱ्याच्या आत सोडला. मशीनचं दार लावलं. आणि, तुम्हाला कल्पना आलीच असेल, मशीन रिकामी फिरवायला सुरुवात केली. चक गरगर फिरू लागला. हाताची घडी घालून ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

बापूंची शांतता तेवढ्यावरच संपली. कानशिलाची शीर उभी राहिली आणि मेहकर फाट्यावर पुन्हा दूध उतू गेलं.

“अबे पन तुले सारं मालूम होतं, तं तवाच बोलला काऊन नाई बे!”

देवमनभाऊंनी चकवरची नजर हलवली नाही.

“बोललो होतो बापू,” ते म्हणाले. “तुमी वरडून राह्यले होते.”